अडसर काढणारी झोप

गुहागर तालुक्यातील आमच्या आजोळच्या घराला मागील दारी दोन बंदोबस्त होते, वर लोखंडी कडी आणि तिच्याखाली लाकडी अडसर. अडसर भिंतीतील खोबणीत सरकवावा लागे आणि हवा दमट असली की तो असा घट्ट बसे की मोठ्या माणसालाही दोन्ही हात लावावे लागत. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना मे महिन्यातील एका रात्री झोपेत उठला, आठ-दहा माणसे झोपलेले माजघर कोणाच्याही अंगावर पाय न देता ओलांडून मागील दारापाशी गेला, त्याने कडी काढली, अडसर सारला, परसात उतरला आणि विहिरीच्या वाटेला लागला. आजीची झोप सावध होती. ती कंदील न लावता, हाक न मारता त्याच्यामागे गेली, आंब्याच्या बुंध्यापाशी तिने त्याचे कोपर हलकेच धरले आणि त्याला फिरवून घरात आणले. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि अडसराच्या आवाजाने जागी झाले होते. भावाचे डोळे सताड उघडे होते. आजीने "चल, झोपायचं ना?" असे विचारल्यावर तो "येतो" म्हणाला, पण त्याची नजर आम्हा दोघींवर ठरत नव्हती. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नव्हते आणि आम्ही थट्टा करतो आहोत असे समजून तो रडकुंडीला आला.

त्या घटनेचा जो अर्थ वाडीत लावला गेला तो मी आजही टाकाऊ मानत नाही, कारण त्यातले निरीक्षण अचूक होते. आदल्या रात्री देवळासमोर नमन-खेळे होते आणि आम्ही मुले पहाटेपर्यंत जागून, पिंपळाखालून घरी परतलो होतो. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की मुलाने वाटेत काहीतरी पाहिले आणि म्हणूनच दुसऱ्या रात्री ते त्याला घेऊन चालले. त्यांनी नारळ उतरवून टाकायला लावला. आजीने नारळ उतरवला, पण आईला एवढेच सांगितले, "तूही अशीच उठायचीस, जागरण झालं की." जागरण, आई आणि दुसरी रात्र हे तीन धागे आजीच्या हाती होते. पुढे जीवशास्त्र शिकवू लागल्यावर झोपेविषयी जे मिळेल ते मी वाचत गेले, आणि झोपेच्या प्रयोगशाळांनी अनेक वर्षे खर्चून नेमके हेच तीन धागे पकडले आहेत हे लक्षात आल्यावर मला आजीचा फार अभिमान वाटला. आता भावाचा आठ वर्षांचा मुलगा रात्री उठून चालू लागला आहे. भावाने मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याला तुकड्यातुकड्याने फोनवर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहावीत, या हेतूने हे लिहीत आहे.

सर्वांत आधी एक समज दूर करायला हवा. झोपेत चालणारा माणूस स्वप्नात असतो आणि स्वप्नात जे पाहतो ते करू लागतो, असे बहुतेकांना वाटते. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील एक वेगळी अवस्था नोंदवली, जिच्यात बंद पापण्यांआड डोळे झपाट्याने हलतात आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या अवस्थेला रेम झोप असे म्हणतात. मात्र याच अवस्थेत मेंदूच्या देठाकडून निघणारे संदेश हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल करून टाकतात. श्वासाचे आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे चालू राहतात. म्हणजे ज्या झोपेत स्वप्ने सर्वांत रंगतात त्या झोपेत उठून कडी काढणे शरीराला शक्यच नसते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲलन जेकबसन, अँथनी केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत चालणाऱ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी रात्रभर नोंदवल्या, तेव्हा चालणे स्वप्नांच्या झोपेतून नव्हे, तर सर्वांत गाढ, संथ लहरींच्या झोपेतून सुरू होते हे स्पष्ट झाले. १९६८ मध्ये रॉजर ब्रॉटन यांनी यापुढचे पाऊल टाकले. झोपेत चालणे आणि मुलांचे रात्री किंचाळत उठणे यांना त्यांनी जाग येण्याच्या क्रियेतील बिघाड म्हटले. मला ही मांडणी विलक्षण वाटते, कारण तिने प्रश्नच बदलला. हा माणूस झोपेत काय पाहतो, हे विचारण्याऐवजी त्याची जाग कुठे अडकली, हे विचारले जाऊ लागले.

गाढ झोपेत मेंदूत काय चालते हे समजल्याशिवाय अडकलेली जाग समजत नाही. जागेपणी मेंदूच्या कवचातील कोट्यवधी पेशी आपापल्या कामात गुंतलेल्या असतात, त्यामुळे डोक्यावर लावलेल्या तारांतून मिळणारी नोंद भरल्या बाजारातील गलक्यासारखी, बारीक आणि वेगवान येते. गाढ झोपेत याच पेशी दिंडीतल्या टाळांप्रमाणे एका ठेक्यात येतात. सगळ्या एकदम बोलतात, सगळ्या एकदम गप्प होतात, आणि हे सेकंदाला साधारण एकदा या संथ गतीने होत राहते. अनेकांचा आवाज एकत्र पडल्यामुळे लहर उंच येते. ही झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात सर्वाधिक असते आणि पहाटेकडे ती विरळ होत जाते. म्हणूनच झोपेत चालण्याचा प्रसंग बहुधा झोप लागल्यानंतर एक ते तीन तासांत घडतो. आम्ही त्या रात्री दहाच्या सुमारास आडवे झालो होतो आणि अडसर वाजला तेव्हा बारा वाजायचे होते. लहान मुलांत ही गाढ झोप सर्वांत जास्त आणि सर्वांत खोल असते, वयात येताना तिच्या लहरींची उंची झपाट्याने उतरते, आणि बहुतेक मुलांचे चालणेही त्याच वयात थांबते.

आता आजीच्या पहिल्या धाग्याकडे, जागरणाकडे येते. माणूस जितका अधिक वेळ जागा राहतो तितका झोपेचा दाब वाढतो आणि पुढची झोप तितकी खोल होते. माँट्रियल येथील अँटोनियो झाड्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत झोपेत चालणाऱ्या लोकांना २५ तास जागे ठेवले आणि त्यानंतरची त्यांची झोप तपासली. एरवीच्या झोपेच्या तुलनेत या भरपाईच्या झोपेत प्रसंगांची संख्या स्पष्टपणे वाढली. गाढ झोपेत असताना कानाशी आवाज केल्यास प्रसंग मुद्दाम घडवूनही आणता आला. ज्यांना हा त्रास नव्हता अशा लोकांवर तेच जागरण आणि तोच आवाज लादूनही त्यांच्यापैकी कोणी असे उठले नाही. माझ्या दृष्टीने प्रयोगाचा हाच भाग सर्वांत बोलका आहे. झोप खोल होणे एकटे पुरत नाही आणि हलवून जागे करणारा धक्काही एकटा पुरत नाही. एकीकडे झोप खाली ओढत असते, दुसरीकडे आवाज, भरलेले मूत्राशय, ताप किंवा घोरताना अडलेला श्वास वर ओढत असतो, आणि ज्याच्या मेंदूची घडण तशी आहे तो या ओढाताणीत मध्येच अडकतो. नमनाच्या दुसऱ्या रात्री माझ्या भावाच्या बाबतीत हेच झाले. पिंपळाखालून तर आम्ही सगळीच मुले आलो होतो.

मध्येच अडकणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मिळायला २००० साल उजाडावे लागले. चालत्या माणसाच्या मेंदूचे चित्र घ्यायचे कसे, ही खरी अडचण होती, कारण यंत्रात निश्चल पडून राहावे लागते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे क्लाउडिओ बासेत्ती आणि सहकाऱ्यांनी १६ वर्षांच्या एका मुलावर यासाठी एक सुरेख युक्ती वापरली. रक्तात सोडल्यावर मेंदूच्या ज्या भागाला त्या क्षणी जास्त रक्त मिळते तिथे जास्त प्रमाणात जाऊन बसणारे आणि मग तिथून न हलणारे एक किरणोत्सारी द्रव्य असते. मुलगा झोपेत उठताच ते द्रव्य शिरेतून सोडले आणि चित्र नंतर सावकाश घेतले. चित्र नंतरचे असले तरी त्यात उमटलेला क्षण उठल्याचा होता. त्यात असे दिसले की भावना आणि हालचाल यांच्याशी जोडलेल्या मेंदूच्या आतील पट्ट्याचा मागचा भाग आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूचा काही भाग गाढ झोपेपेक्षा कितीतरी अधिक कामात होते, तर विचार, निर्णय आणि स्वतःचे भान यांच्याशी संबंधित कपाळाकडील व वरच्या बाजूचे भाग जाग्या माणसाच्या तुलनेत मंदावलेले होते.

एका मुलाच्या एका चित्रावर मोठा निष्कर्ष उभारू नये, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. परंतु इटलीतील संशोधकांच्या २००९ आणि २०१२ मधील नोंदींनी हेच चित्र अधिक जवळून दाखवले. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी झटक्यांचे मूळ शोधण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूच्या आत बारीक तारा बसवतात. अशा तारा असतानाच एका रुग्णाला गाढ झोपेतून अर्धवट जाग आली, तो गोंधळलेल्या अवस्थेत हालचाल करू लागला, आणि प्रत्येक तारेने आपापल्या जागेची बातमी दिली. हालचालींचे नियंत्रण करणारा भाग जागा झाला होता. त्याच सेकंदाला कपाळामागील भागात झोपेच्या उंच, संथ लहरी चालूच होत्या. नंतरच्या नोंदींत भीतीशी संबंधित भाग जागा आणि आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस मात्र झोपलेला आढळला. झोप संपूर्ण मेंदूला एकाच वेळी लागते आणि एकाच वेळी सुटते, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की शेजारशेजारच्या दोन भागांपैकी एक झोपेत आणि एक जागा असू शकतो ही गोष्ट प्रथम वाचताना मला पुन्हा पुन्हा तपासून पाहावीशी वाटली. प्राणिसृष्टीत मात्र तिला जुना दाखला आहे. डॉल्फिन मेंदूचा एक अर्धा भाग झोपवतो आणि दुसऱ्याच्या बळावर पोहत राहतो, पाण्यावर येऊन श्वास घेतो.

या नोंदी वाचल्यानंतर भावाचा प्रत्येक हावभाव मला नव्याने कळला. त्याचे डोळे उघडे होते आणि ते पाहतही होते, म्हणून तो झोपलेल्या माणसांमधून अचूक वाट काढू शकला. हातांना कडी आणि अडसर सवयीने ठाऊक होते. परंतु समोर उभी आहे ती आजी आहे, आपण परसात आहोत, रात्रीचे विहिरीकडे जायचे नसते, हे जोडून पाहणारा भाग झोपलेला होता. "येतो" हा शब्द रोजच्या सरावातून बाहेर पडला, जसे कामात गढलेला माणूस न ऐकता "हो" म्हणतो. सकाळी त्याला काही आठवले नाही याचे कारण तो विसरला असे नाही, तर ती नोंद मुळात झालीच नव्हती. मोठ्या माणसांच्या बाबतीत ही विस्मृती इतकी पूर्ण नसते. पॅरिसमधील एका अभ्यासात बहुसंख्य प्रौढांना एखादा तरी प्रसंग तुकड्याने आठवत होता आणि त्यात बहुधा काहीतरी कोसळते आहे, कोणाला तरी वाचवायचे आहे, अशी तातडीची एखादी छोटी कल्पना होती. तेव्हा या झोपेत मन पूर्ण कोरे असते असेही नाही, आणि मला वाटते, जागा झालेला भीतीचा भाग इथे आपली ओळख देतो.

एक गोष्ट मात्र घरातील प्रत्येकाने गंभीरपणे घ्यावी. वेदनेची जाणीवही या अवस्थेत बंद असू शकते. फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी २०१५ मध्ये असे नोंदवले की झोपेत चालताना ज्यांना इजा झाली होती त्यांपैकी ७९ टक्के लोकांना त्या क्षणी वेदना जाणवली नव्हती. एक जण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारून हाडे मोडूनही तेव्हा जागा झाला नव्हता. काहीतरी लागले की मूल आपोआप जागे होईल, या भरवशावर कोणी राहू नये. याउलट, कॅनडातील १९८७ चे जे प्रकरण या विषयावर बोलताना हमखास सांगितले जाते, ज्यात एका माणसाने मोटार चालवत जाऊन सासूचा जीव घेतला आणि झोपेत असल्याचे मान्य होऊन तो सुटला, ज्याची सुटका १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली, ते मी मुलांच्या आईवडिलांना कधीही सांगत नाही. ते इतके विरळा आहे की त्याने केवळ घरातल्या मुलाची भीती बसते.

आजीचा दुसरा धागा आईचा. "घराण्यातच आहे" असे वाडीत म्हणत तेव्हा त्याचा रोख कुलदैवताच्या राहून गेलेल्या नवसाकडे असे. क्यूबेक प्रांतात सुमारे १,९४० मुलांची लहानपणापासून नोंद ठेवणाऱ्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईवडिलांपैकी कोणीही झोपेत न चालणाऱ्या मुलांत हे प्रमाण २२.५ टक्के, एक जण चालत असल्यास ४७.४ टक्के आणि दोघेही चालत असल्यास ६१.५ टक्के आढळले. दहाव्या वर्षी हे प्रमाण सर्वाधिक म्हणजे १३.४ टक्के होते. २०११ मध्ये अमेरिकेत चार पिढ्यांच्या एका कुटुंबाचा अभ्यास करून या प्रवृत्तीचा दुवा विसाव्या गुणसूत्राच्या एका पट्ट्याशी जोडण्यात आला, परंतु सगळ्या घरांना लागू पडणारे एकच जनुक हाती आलेले नाही. आई, भाऊ आणि आता भाचा, अशा आमच्या तीन पिढ्या मात्र या आकड्यांत सहज बसतात. मी स्वतः कधी उठले नाही. तीच आई आणि तेच घर असूनही एक भावंड चालते आणि दुसरे चालत नाही, हे त्या ४७.४ टक्क्यांमध्येच लिहिलेले आहे.

भावाचा सर्वांत पहिला प्रश्न असा होता की मुलाला त्या वेळी जागे केले तर त्याचे काही बरेवाईट होते का. नाही, हृदय थांबणे किंवा वेड लागणे असले काहीही होत नाही. परंतु ओरडून, गदागदा हलवून किंवा घट्ट धरून जागे केल्यास अर्धे झोपलेले मूल घाबरते, हात झटकते, कधी मारतेही, कारण धरणारा कोण आहे हे त्याला कळत नसते. आजीने जे केले तेच योग्य, म्हणजे शांत स्वर, हलका हात आणि अंथरुणाकडे वळवणे. सकाळी भावंडांसमोर त्याची उजळणी करू नये. दुमजली पलंगाची वरची जागा देऊ नये, गच्चीच्या आणि बाल्कनीच्या दाराला वर कडी असावी, गॅसचा मुख्य खटका बंद करून झोपावे. मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी वाढून अडणारा श्वास हाच वर ओढणारा धक्का असू शकतो आणि त्यावर उपचार झाल्यावर चालणे थांबल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. एकाच रात्री अनेकदा, अगदी एकसारख्या हालचालींचे आणि काही सेकंदांचे प्रसंग घडत असतील, तर अपस्माराची शंका घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. घरातील आजोबा उतारवयात प्रथमच पहाटे डोळे मिटून ओरडू लागले, लाथा झाडू लागले, तर तो हा विकार नव्हे. तिथे स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल करणारी व्यवस्था बिघडलेली असते आणि त्यामागे कधी पार्किन्सनसारख्या आजाराची सुरुवात असते. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांनी प्रौढ माणूस झोपेत चालू शकतो, स्वयंपाक किंवा वाहन चालवण्यासारखी कामेही करू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात त्याविषयी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घरात कोणी घेत असेल तर ती आजच बंद करून डॉक्टरांशी बोलावे.

भाच्यासाठी डॉक्टरांनी औषध दिलेले नाही. त्यांनी वेळ ठरवून जागे करण्याचा उपाय सांगितला आहे. मूल रोज साधारण ज्या वेळी उठून चालते त्याच्या १५ ते ३० मिनिटे आधी त्याला हलकेच जागे करायचे आणि पुन्हा झोपू द्यायचे, हे काही आठवडे सलग करायचे, म्हणजे गाढ झोपेचा तो टप्पा मध्येच तुटतो. त्यासाठी वेळ अचूक माहीत हवी, म्हणून भाऊ गेला महिनाभर एका वहीत नोंद ठेवत होता. मुलगा साडेनऊला झोपतो आणि पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान उठतो. वहीत एक रकाना आदल्या रात्री किती तास झोप झाली याचा आहे. सर्वांत मोठा प्रसंग ज्या रात्री झाला, ज्या रात्री मुलगा फ्लॅटच्या मुख्य दाराची साखळी काढून जिन्यापर्यंत गेला, त्यासमोरच्या रकान्यात भावाने पाच तास असे लिहिले आहे. आदल्या दिवशी ते लग्नाहून उशिरा परतले होते. त्या रात्री त्याने मुलाचे कोपर धरून त्याला आत आणले आणि मग मला फोन करून विचारले, "ताई, माझेही डोळे असेच उघडे होते का गं?" मी हो म्हणाले.